मेल आलाच नाही, की पोहोचला नाही?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ज्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते, त्याचा ईमेल पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आहे, बिलावर आहे, गाठींच्या लेबलवर आहे, जीएसटीच्या नोंदणीतही आहे. नाही ती फक्त त्या पत्त्याची पेटी. त्या पत्त्यावर आलेला मेल जाऊन पडावा असा इनबॉक्स जगात कुठेच नाही, हे मला कळलं ते एका सूचनेमुळे. कुठल्याशा कंपनीने कळवलं होतं की त्यांची ईमेल फॉरवर्डिंगची मोफत सेवा महिनाअखेरीला बंद होते आहे. ग्राहकांनी आपापली सोय दुसरीकडे करून घ्यावी. त्या कंपनीचं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. आम्ही तिचे ग्राहक आहोत, ही बातमी तर त्याहून ताजी.

मालकांना ती सूचना सरळसरळ फसवणूक वाटली. "ताई, उडवा तो मेल. असले रोज येतात." त्यांचंही चुकत नव्हतं. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की पलीकडची घंटी वाजायच्या आधी सायबर गुन्ह्यांपासून सावध राहायचा उपदेश ऐकावा लागायचा, 1930 हा मदतीचा नंबर तर आमच्या कांडीवाल्या बायकांनाही पाठ आहे. पण मेलमध्ये पैसे मागितले नव्हते, पासवर्ड मागितला नव्हता, आणि आमचे सगळे पत्ते मात्र अचूक दिले होते. म्हणून मी तो पुण्याला भाच्याकडे पाठवला. तो हिंजवडीत कॉम्प्युटरचंच काम करतो.

त्याचा लगेच फोन आला. "आत्या, ही सूचना खरी आहे. तुमच्याकडे डोमेन आहे, मेलबॉक्स एकही नाही. ऑर्डर्सच्या पत्त्यावर मेल आला की ही कंपनी तो घेते आणि मालकांच्या जीमेलकडे ढकलते. महिनाअखेरीनंतर ढकलणार नाही, एवढंच."

एवढंच म्हणे! जीएसटी पोर्टलचा ओटीपी, बँकेची स्टेटमेंट, मुंबईच्या एजंटच्या ऑर्डरी, सुताच्या व्यापाऱ्याचे दर, सगळं त्या एवढ्याशाच वाटेने येत होतं.

मालकांचा पहिला प्रश्न होता, "जुने मेल जातील का?" तो मी भाच्याला विचारला आणि मनावरचा पहिला दगड उतरला. जुने मेल कुठेही जाणार नव्हते, कारण ते कधीच त्या कंपनीकडे साठलेले नव्हते. आले तसे जीमेलमध्ये जाऊन बसले होते आणि तिथेच राहणार होते. प्रश्न फक्त उद्या येणाऱ्या मेलचा होता. हे एकदा कळल्यावर मला जरा धीर आला आणि मी म्हटलं, हे काम मीच करते. मालक माझ्याकडे बघत राहिले. कॉम्प्युटरमधलं मला टॅली येतं आणि एक्सेल येतं, त्यापलीकडे काही नाही, हे त्यांना माहीत होतं.

भाच्याने फोनवर पाया घालून दिला. ईमेल पत्त्यात ॲटच्या चिन्हापुढे जे नाव असतं ते डोमेन. हे चिन्ह पत्त्यात घातलं रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने, 1971 साली. तेव्हा जाळ्यावर मोजके कॉम्प्युटर होते आणि त्यांची नावं आणि नंबर एकाच यादीत मावत. यादी फुगत गेली, तेव्हा 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस याने डीएनएस ही पद्धत आखली. एका जागी सगळी यादी ठेवायची नाही. प्रत्येक डोमेनची नोंद त्या डोमेनने नेमलेल्या ठिकाणी ठेवायची, आणि ज्याला गरज असेल त्याने तिथे जाऊन विचारायचं. 1986 पासून त्या नोंदींत एमएक्स नावाचा एक प्रकार आला. "या डोमेनचा मेल कुणाच्या स्वाधीन करायचा" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एमएक्स. जगातला कुठलाही सर्व्हर आमच्याकडे मेल पाठवताना आधी ही ओळ वाचतो. आमच्या त्या ओळीत दुकान गुंडाळायला निघालेल्या कंपनीचं नाव होतं. ते खोडून नव्या कंपनीचं लिहायचं. काम म्हटलं तर एका ओळीचं.

पण ती ओळ लिहिलेली वही कुणाकडे आहे, हे कारखान्यात कुणालाच सांगता येईना.

थोरले मालक गेल्यापासून त्यांचं कपाट तसंच आहे. त्यात मला जुनी लेटरहेड मिळाली. वर कारखान्याचं नाव, खाली 'ग्रॅम्स' म्हणून एक शब्द. पूर्वी व्यापारी तारखात्याकडे असा एकच शब्द पैसे भरून नोंदवून ठेवायचे, म्हणजे तार पाठवणाऱ्याला लांबलचक पत्ता लिहावा लागत नसे. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, शब्द लेटरहेडवर राहिला. त्या शब्दाची पावती मात्र कपाटातल्या फाइलीत व्यवस्थित लावलेली होती. सोलापुरात 1877 मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिला आजही सगळे जुनी मिलच म्हणतात. तेव्हापासून या गावाला कागद जपायची सवय आहे. मालकांचे आजोबा तेलंगणातून विणकामासाठी इकडे आले. घरी अजून तेलुगू बोलतात, पण आजोबांच्या पहिल्या मागाचं मराठीतलं बिल त्यांनी ठेवलेलं आहे. डोमेनचा मात्र एकही कागद नव्हता.

भाचा म्हणाला, "हू-इज बघ." इंटरनेटवर कुठल्याही डोमेनची जाहीर नोंद बघता येते. मालकाचं नाव-गाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तीन गोष्टी उघड दिसतात: डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे नोंदवलंय, मुदत कधी संपते आणि नेमसर्व्हर कुठले. आमचं डोमेन डॉट इनचं. डॉट इनची नोंदणी 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि तिचा कारभार निक्सी ही आपली भारतीय संस्था बघते. रजिस्ट्रारचं नाव कळलं. खातं कुणाचं, हे मालकांच्या मुलाला आठवलं. वेबसाइट ज्याने बनवली त्या मुलाने स्वतःच्या खात्यातूनच डोमेन घेतलं होतं. सोलापूरच्या निम्म्या इंजिनिअरांसारखा तोही आता पुण्याला असतो. भला माणूस. फोन केल्यावर म्हणाला, "काकू, दरवर्षी मीच भरतोय की पैसे, तुम्हाला बिल पाठवायचं राहूनच जातंय."

मला घाम फुटला. या मुलाने नंबर बदलला असता, किंवा एका वर्षी पैसे भरायचं त्याच्या लक्षातून गेलं असतं, तर कारखान्याचं नाव दुसऱ्या कुणीही विकत घेतलं असतं. जमिनीचा सातबारा आपल्या नावावर आहे का ते आपण तलाठ्याकडे जाऊन बघतो. हे कुणी बघितलंच नव्हतं. त्याने त्याच आठवड्यात डोमेन कारखान्याच्या खात्यात वळतं केलं. रजिस्ट्रार तोच राहिला, फक्त खातं बदललं. मागचे पैसे मी व्हाउचर करून त्याला पाठवले.

खातं हाती आल्यावर मी डीएनएसचं पान उघडलं. ओळीच ओळी. एमएक्सचीही ओळ होती. आता बदलू का, म्हणून भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "थांब. आधी नेमसर्व्हर कुठले आहेत ते वाच." नेमसर्व्हर वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीचे होते. म्हणजे जगाला खरी वाटणारी वही तिकडे, वेबसाइटवाल्यांच्या पॅनलमध्ये. रजिस्ट्रारकडचं पान हुबेहूब तसंच दिसतं, त्यात लिहिता येतं, सेव्ह होतं, हिरवी खूणही येते. पण ते कुणी वाचत नाही. एवढ्या व्यवस्थित दिसणाऱ्या पानाचा काहीच उपयोग नाही, ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. बरं, या सगळ्या जंजाळात कंपन्या तरी किती? डोमेन एकीकडे, त्याची वही दुसरीकडे, मेल ढकलणारी तिसरीकडे, आणि मेल प्रत्यक्ष वाचायचे ते जीमेल चौथीकडे. चौघांचे पासवर्ड वेगळे, चौघांना एकमेकांचा पत्ता नाही.

इथे माझ्यातली हिशेबनीस कामाला आली. मी मोठं रजिस्टर घेतलं आणि जिवंत पॅनलमधली प्रत्येक ओळ हाताने उतरवून काढली. प्रकार, नाव, किंमत, प्राधान्य, टीटीएल असे रकाने पाडले. ए नावाच्या प्रकारात वेबसाइटचा आकडी पत्ता होता. त्याला हात लावायचा नाही म्हणून लाल शाईने चौकट केली. टीएक्सटीच्या ओळी दोन होत्या, त्यांच्याकडे मी नंतर वळणार होते. पॅनलचा स्क्रीनशॉटही काढला, पण लिहून काढल्यावर जे डोक्यात बसतं ते फोटोने बसत नाही.

मग जुन्या कंपनीच्या पॅनलमधून पत्त्यांची यादी उतरवली. कुठला पत्ता कुणाकडे ढकलला जातो ते. ऑर्डर्स मालकांकडे, अकाउंट्स माझ्याकडे, इन्फो मालकांच्या मुलाकडे. आणि कोटेशनचा पत्ता? तो एका माजी कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलवर जात होता. त्यांनी नोकरी सोडली त्याला वर्षं झाली. वेबसाइटवर "दरासाठी इथे लिहा" म्हणून जो पत्ता दिलाय तो हाच. त्यांना विचारलं, तर ते खातं त्यांनी कधीच उघडायचं बंद केलं होतं. मालक ऐकून गप्पच झाले. हॉटेलवाले, जिमवाले, हॉस्पिटलवाले वेबसाइट बघून विचारतच नाहीत, अशी आमच्याकडे पक्की समजूत होती. मालक म्हणायचे, मंदी आहे.

नवी कंपनी शोधताना माझा गोंधळ पुन्हा वाढला. सगळ्यांच्या पानावर "दोन मिनिटांत सुरू" लिहिलेलं. वाचत गेले तसे फरक दिसू लागले. काहींची अट अशी की नेमसर्व्हरच त्यांच्याकडे न्यायचे, म्हणजे मेलबरोबर वेबसाइटचीही वही हलवायची. एका वेळी एकच सामान हलवावं, असं माझं मत, म्हणून त्या बाद. एका पद्धतीत फॉरवर्डिंगची यादी स्वतःच्याच डीएनएसमध्ये लिहायची असते. स्वस्त खरी, पण ती वही जगाला उघडी असल्यामुळे मालकांचा खासगी जीमेल पत्ताही कुणालाही वाचता येणार. फुकट योजनांत पत्त्यांच्या संख्येवर मर्यादा. शिवाय जोडपत्राची मर्यादा बघावी लागली, कारण बाहेरचे खरेदीदार लोगोच्या, काठाच्या डिझाइनच्या जड फाइली पाठवतात. जीमेलमधून निघतानाच 25 एमबीची मर्यादा असते, तेव्हा मधल्याने त्याहून कमी घेऊन चालणार नव्हतं. शेवटी आम्ही पैसे देऊन घ्यायची एक साधी योजना घेतली. तिच्यात एक जास्तीची सोय होती, ती पुढे सांगते.

नव्या पॅनलमध्ये सगळे पत्ते घातले. कोटेशनचा आता मालकांच्या मुलाकडे आणि माझ्याकडे, दोघांकडे. तर नव्या कंपनीने प्रत्येक जीमेलवर एक मेल पाठवला: या पत्त्यावर मेल ढकलायला तुमची हरकत नाही ना, नसेल तर खालची लिंक दाबा. बरोबरच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्याही इनबॉक्समध्ये मेलचा लोंढा सोडेल. पण मालक लिंक दाबेनात. "अनोळखी लिंक दाबायची नाही, तुम्हीच सांगता ना?" मी सांगते खरी. शेवटी त्यांच्या टेबलाशी बसून पाठवणाऱ्याचं डोमेन अक्षर अक्षर लावून दाखवलं, मग त्यांनी तर्जनीने हळूच, गरम तव्याला हात लावावा तशी ती दाबली.

दिवस ठरवणं माझ्या हातात होतं. जीएसटीआर-वन 11 तारखेला, थ्रीबी 20 तारखेला. ओटीपी वेळेवर मिळाला नाही तर विलंब शुल्क ठरलेलं. म्हणून 20 तारीख उलटू दिली. जुनी सेवा महिनाअखेरीपर्यंत चालू राहणार होती, त्यामुळे मध्ये मोकळे दिवस होते. भाच्याने आधी टीटीएल कमी करायला सांगितलं. प्रत्येक ओळीपुढे सेकंदांचा एक आकडा असतो. ओळ एकदा वाचल्यावर बाकीच्या सर्व्हरनी ती किती वेळ लक्षात ठेवायची, तो हा आकडा. आमचा होता 86400, म्हणजे पुरा एक दिवस. तो 300 केला, म्हणजे पाच मिनिटं, आणि एक दिवस जाऊ दिला, म्हणजे जुना आकडा लक्षात ठेवणारे सगळे तो विसरतील. मग दुसऱ्या दिवशी एमएक्स.

एमएक्सला प्राधान्याचा आकडा द्यावा लागतो. आमच्या नव्या कंपनीने दोन सर्व्हर दिले होते, एकाला 10, दुसऱ्याला 20. मला वाटलं 20 मोठा म्हणजे तो आधी. उलटं आहे. लहान आकडा आधी. तो मिळाला नाही तर पुढचा. नावाच्या शेवटी टिंब द्यायचं की नाही, हा दुसरा घोळ. काही पॅनलमध्ये टिंब दिलं नाही तर ते नावामागे आपलंच डोमेन आपणहून चिकटवतात आणि मेल कुठल्यातरी अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरच्या शोधात भटकतो. आमचं पॅनल तसलं आहे का ते आधीची एक ओळ बघून ठरवलं. जुन्या कंपनीच्या दोन्ही ओळी काढल्या. दोन कंपन्यांचे एमएक्स एकत्र ठेवले तर काही मेल इकडे, काही तिकडे जातात, आणि जो गेला तो का गेला हे सांगता येत नाही. सेव्ह केलं.

काहीच झालं नाही.

मागावर धागा तुटला तर माग थांबतो, जॉबर धावत येतो. टॅलीत नावे-जमा जुळली नाहीत तर खाली फरकाची रक्कम दिसते. इथे सगळं नीट झालं तरी शांतता, आणि सगळं बिघडलं तरी शांतताच. माझ्या जीमेलवरून अकाउंट्सच्या पत्त्यावर एक मेल टाकला. आला नाही. अजून एक टाकला. आला नाही. भाच्याला फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता. तो हसला. "आत्या, तू स्वतःच्या जीमेलवरून टाकतेस आणि तो फिरून तुझ्याच जीमेलला येतो. जीमेल म्हणतं, हा मेल माझ्याकडे आहेच, पाठवलेल्यांत. दुसऱ्यांदा दाखवत नाही. दुसऱ्या कुठून तरी पाठव." मालकांच्या मुलाचं एक जुनं रेडिफमेल होतं. तिथून टाकला, आणि चहा आणायला सांगेपर्यंत माझ्या इनबॉक्समध्ये हजर. मग भाच्याच्या ऑफिसमधून एक, माझ्या मैत्रिणीच्या याहूवरून एक. प्रत्येक पत्त्यावर, प्रत्येक वाटेने. रजिस्टरमध्ये खुणा करत गेले.

बदलाच्या धांदलीत कुणाचा मेल हवेत राहिला तर? यावर भाच्याने सांगितलेलं ऐकून मला पुन्हा धीर आला. पाठवणाऱ्या सर्व्हरला पलीकडचा दरवाजा बंद दिसला तर तो मेल फेकून देत नाही; रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ईमेलचे जे नियम आहेत त्यांत हे प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालू ठेवावेत असं म्हटलंय. पलीकडून "असा पत्ताच नाही" असं ठाम उत्तर आलं तर मात्र मेल लगेच परत जातो. म्हणून पत्त्यांची यादी नव्या ठिकाणी आधी आणि एमएक्स नंतर, हा क्रम.

दोन दिवस सगळं सुरळीत. मग मुंबईच्या एका एजंटचा फोन आला: तुम्ही उत्तर का देत नाही? त्यांनी पाठवलेला मेल त्यांच्याकडे परतही आला नव्हता, निदान त्यांच्यापैकी कुणी बघितला नव्हता. आमच्याकडे तर तो आलाच नव्हता. बाकी सगळ्यांचे येतात, यांचाच का नाही? इथे मला भाच्याचं बोलणं कळेना, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. शेवटी मी त्याला ई-वे बिलाच्या भाषेत सांगायला लावलं, आणि झटक्यात कळलं.

परराज्यात 50,000 रुपयांवरचा माल गेला की ई-वे बिल लागतं, 2018 पासून. त्याच्या भाग-बीमध्ये ट्रकचा नंबर असतो. हैदराबादला निघालेला माल वाटेत दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला आणि भाग-बी बदलला नाही, तर माल खरा, बिल खरं, तरी तपासणीत गाडी अडते. एसपीएफ म्हणजे पाठवणाऱ्याने जाहीर केलेली आपल्या ट्रकांची यादी: माझ्या नावाचा मेल याच सर्व्हरवरून निघेल. आणि फॉरवर्डिंग म्हणजे मधेच दुसरा ट्रक. एजंटचा मेल आमच्या फॉरवर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवरून जीमेलच्या दारात येतो, आणि तो सर्व्हर एजंटच्या यादीत नाही. म्हणून चांगल्या कंपन्या मेल पुढे पाठवताना पाकिटावरचा प्रेषक बदलून आपल्या नावाचा करतात. म्हणजे भाग-बी भरतात. डीकेआयएम हे गाठीवरचं सील. ट्रक बदलला तरी सील तुटत नाही. आणि डीमार्क म्हणजे माल पाठवणाऱ्याने नाक्यावर दिलेली सूचना: माझ्या नावाशी जुळणारा ट्रक किंवा माझं सील, दोन्हींपैकी एकही नसेल तर गाडी आत घेऊ नका. एजंटच्या कंपनीने ही कडक सूचना दिली होती आणि सील मात्र लावलं नव्हतं. थेट पाठवलेला मेल ट्रकच्या जोरावर सुटायचा. फॉरवर्ड झालेला अडायचा.

ही कडकाई अलीकडची. याहूने 2014 मध्ये आपल्या पत्त्यांसाठी ती लावली तेव्हा एका पत्त्यावरून अनेकांना मेल वाटणाऱ्या जगभरच्या मेलिंग लिस्ट अडखळल्या होत्या. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांवरचे नियम आणखी आवळले. बनावट मेल थांबावेत म्हणून हे चाललंय, आणि ते हवंच आहे. एजंटच्या माणसाला मी जमेल तसं समजावलं. त्यांच्या मेल-कंपनीने डीकेआयएम चालू करून दिलं आणि त्यांचे मेल येऊ लागले. आमच्याकडे काही दुरुस्त करायचं नव्हतंच. पण आमच्याकडे कुणाला माहीत नसतं तर एक ऑर्डर गेली असती आणि दोष मंदीला गेला असता.

याच ओघात आमच्या टीएक्सटीच्या ओळी उलगडल्या. त्यांतली एक आमचाच एसपीएफ होती. मला वाटत होतं ती येणाऱ्या मेलसाठी असेल. ती निघणाऱ्या मेलसाठी असते. फॉरवर्डिंगमुळे मेल येतो, पण उत्तर द्यायला गेलं की ते मालकांच्या जीमेल पत्त्यावरून जातं. वर्षानुवर्षं आमच्या खरेदीदारांनी ऑर्डर्सच्या पत्त्यावर लिहिलं आणि त्यांना उत्तर आलं मालकांच्या नाव-आडनावाच्या जीमेलवरून. काहींनी तोच पत्ता जपून ठेवला. नव्या योजनेतली जास्तीची सोय ती हीच: त्यांच्या सर्व्हरमार्फत, कारखान्याच्या नावानेच उत्तर पाठवता येतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये ते एकदा जोडावं लागलं. एसपीएफमध्ये जुन्या कंपनीचं नाव काढून नवीचं घातलं, त्याच ओळीत. दुसरी एसपीएफची ओळ वेगळी घातली असती तर दोन्ही रद्द धरल्या असत्या. एका डोमेनला एकच ओळ चालते. नव्या कंपनीने दिलेली डीकेआयएमची किल्लीही डीएनएसमध्ये चढवली. आता आमच्याही गाठीवर सील आहे.

एक निर्णय मालकांनी घेतला. यादीत नसलेल्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेलही घ्यायचा का? त्याला कॅच-ऑल म्हणतात. घेतला तर कुणी स्पेलिंग चुकवून लिहिलेलंही हाती लागतं, पण कचरा फार येतो. मालक म्हणाले, "सहा महिने घ्या. बघू कोण कुठल्या नावाने हाक मारतंय." त्यातून एक्स्पोर्ट नावाचा एक पत्ता निघाला, जो आम्ही कधी बनवलाच नव्हता, कुणीतरी अंदाजाने लिहिलं होतं. तो रीतसर यादीत घेतला.

टीटीएल पुन्हा एक तासावर नेला. जुनं खातं महिनाअखेरीपर्यंत तसंच राहू दिलं, मग बंद केलं. डोमेनची मुदत मार्चअखेरीची निघाली, म्हणजे आम्ही वर्षअखेरीच्या हिशेबात गळ्यापर्यंत बुडालेलो असतो तेव्हाची. डॉट इन एका वेळी 10 वर्षांपर्यंत घेता येतं. मालकांनी पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. ते बिल आता कारखान्याच्या नावाने आलंय आणि विजेच्या बिलाच्या फाइलीत लावलंय.

रजिस्टरच्या मागच्या पानावर मी आणखी एक यादी केली आहे. दर महिन्याला जे मेल यायलाच हवेत, त्यांची. एक तारखेला बँकेचं स्टेटमेंट, मग महावितरणचं बिल, सुताच्या व्यापाऱ्याचा खातेउतारा, सीएच्या ऑफिसची आठवण, एजंटची महिन्याची यादी. आला की खूण. तारीख उलटून खूण नसली की मी फोन करते. बहुतेक वेळा समोरच्यानेच पाठवलेलं नसतं. सोलापुरातल्या कुठल्याही कारखान्याच्या हिशेबनीसाला ही यादी एका दुपारी करता येईल. त्याला कॉम्प्युटर येण्याची गरज नाही. कोण कधी लिहितं हे माहीत असलं की झालं, आणि ते हिशेबनीसाइतकं कुणालाच माहीत नसतं.

परवा मालक म्हणाले, "ताई, कोटेशनचे मेल या आठवड्यात कमी आले. मंदी दिसतेय." मी रेडिफवरून एक चाचणीचा मेल टाकला, तो लगेच आला. मग म्हटलं, "हो मालक, या वेळी खरंच मंदी आहे."